जठराम्ल आणि पेप्सिन : अन्नमार्गातील पहिली संरक्षक फळी

सारांश : जठरात स्रवणारे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन हे विकर यांचा विचार सामान्यतः पचनाच्या संदर्भात केला जातो. प्रस्तुत लेखात या दोहोंच्या संरक्षक कार्याचे विवेचन केले आहे. आतड्याचा संसर्ग होण्यासाठी किती जिवाणू पोटात जावे लागतात, हे बऱ्याच अंशी जठराच्या आम्लतेवर अवलंबून असते, ही गोष्ट प्रामुख्याने पटकीच्या अभ्यासाच्या आधारे स्पष्ट केली आहे. आम्लता घटविणाऱ्या औषधांच्या सल्ल्याविना व दीर्घकाळ होणाऱ्या वापराकडे या दृष्टीने पाहण्याची गरज शेवटी मांडली आहे.

बीजशब्द : जठररस, आम्लता, पेप्सिन, संसर्गमात्रा, पटकी, आम्लशामक औषधे.

१. प्रास्ताविक

'पित्त झाले', 'पित्त उसळले' असे आपण नित्य म्हणतो. अशा वेळी आपण बहुधा जठरातील आम्लाविषयी बोलत असतो. शरीरक्रियाशास्त्राला अभिप्रेत असलेला पित्तरस मात्र यकृतात तयार होतो, लहान आतड्यात उतरतो आणि तो किंचित अल्कधर्मी असतो. म्हणजे ज्या द्रवाला आपण दोष देतो त्याचे नावही आपण दुसऱ्याच द्रवावरून घेतले आहे. नावाचा हा गोंधळ निरुपद्रवी आहे. परंतु त्यामागे असलेला समज तसा नाही. आम्ल म्हणजे शरीरात साचलेला विकार, तो जितका लवकर शमवावा तितका बरा, असा हा समज आहे. महाविद्यालयांच्या प्राध्यापक कक्षांतही त्याचा प्रत्यय येतो. रिकाम्या पोटी घेतलेला चहा, लागोपाठच्या तासिका, अवेळी जेवण आणि टेबलाच्या खणात ठेवलेली गोळ्यांची पट्टी हे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. केवळ पचनासाठी इतक्या तीव्र आम्लाची आवश्यकता आहे काय? प्रथिनांच्या पचनाचा मोठा भाग स्वादुपिंडातून येणाऱ्या ट्रिप्सिनादी विकरांच्या साहाय्याने लहान आतड्यात पार पडतो. शस्त्रक्रियेने संपूर्ण जठर काढून टाकलेल्या व्यक्तीही थोडाथोडा आहार आणि ब१२ जीवनसत्त्वाची पूर्ती यांच्या बळावर जगू शकतात. मग स्वतःच्याच अस्तराला इजा करू शकणारे हे आम्ल शरीर एवढी ऊर्जा खर्चून का निर्माण करते? याचे एक महत्त्वाचे उत्तर संरक्षणात सापडते. तोंड हा बाह्य जगाला उघडा असलेला मार्ग आहे. अन्न-पाण्याबरोबर असंख्य सूक्ष्मजीव रोज आत येतात आणि त्यांना आतड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी जठर ओलांडावे लागते. हे ओलांडणे किती अवघड असते आणि ते केव्हा सोपे होते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. जठररसाची घडण

जठरात मुक्त हायड्रोक्लोरिक आम्ल असते, हे इंग्लंडमधील वैद्य विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. त्यापूर्वी दोनच वर्षे, १८२२ मध्ये, अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीची गोळी लागून जठरापर्यंत कायमचे छिद्र राहिले होते. लष्करी शल्यचिकित्सक विल्यम ब्यूमाँट यांनी या छिद्रातून जठररस काढून अनेक वर्षे निरीक्षणे केली व ती १८३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. गरजू रुग्णावर असे प्रयोग करण्याचा नैतिक प्रश्न आज आपल्याला पडतो, आणि तो पडलाच पाहिजे. तथापि या निरीक्षणांतील एक नोंद आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. जठररसात ठेवलेले मांस सडत नाही, हे ब्यूमाँट यांच्या लक्षात आले होते. सडणे ही सूक्ष्मजीवांची क्रिया आहे हे तेव्हा सिद्ध व्हावयाचे होते. पुढे १८३६ मध्ये थिओडोर श्वान यांनी जठररसातील पचनकारी द्रव्य वेगळे ओळखून त्यास पेप्सिन असे नाव दिले.

प्रौढ व्यक्तीच्या जठरात दिवसाकाठी साधारणतः २ ते ३ लिटर रस स्रवतो. उपाशीपोटी त्याचा सामू बहुधा १.५ ते ३ च्या आसपास असतो. सामूचे मापन लघुगणकीय असते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. सामू एकाने वाढला की हायड्रोजन आयनांची संहती दहापटीने घटते. रक्ताचा सामू ७.४ असतो, त्याच्या तुलनेत १.४ सामू असलेल्या जठररसात हायड्रोजन आयनांची संहती १० लाख पट असते. ही तफावत निर्माण करण्याचे काम जठराच्या अस्तरातील आम्लस्रावी पेशी करतात. या पेशींच्या पटलावरील 'प्रोटॉन पंप' नावाचे प्रथिन ऊर्जा खर्च करून पोटॅशियम आयन आत घेते व हायड्रोजन आयन बाहेर ढकलते.

अस्तरातील मुख्य पेशी पेप्सिनोजेन हे निष्क्रिय द्रव्य स्रवतात. पेप्सिन थेट सक्रिय रूपात तयार झाले असते, तर त्याने आपल्या जन्मदात्या पेशीचीच प्रथिने तोडली असती. पेप्सिनोजेन आम्लात मिसळल्यावर त्याचा एक तुकडा गळून पडतो व सक्रिय पेप्सिन सिद्ध होते. हे विकर सामू २ च्या आसपास सर्वाधिक कार्यक्षम असते. सामू ५ च्या पुढे ते जवळजवळ स्वस्थ बसते आणि माध्यम अल्कधर्मी झाल्यास कायमचे निकामी होते. याचा अर्थ असा की, आम्ल व पेप्सिन ही दोन स्वतंत्र शस्त्रे नाहीत. आम्ल गेले की पेप्सिनही जाते.

३. जिवाणूंचा नाश कसा होतो?

तीव्र आम्लात सापडलेल्या जिवाणूच्या पेशीत हायड्रोजन आयन शिरू लागतात. त्यांना बाहेर लोटण्यासाठी जिवाणू आपली ऊर्जा खर्च करतो. ती अपुरी पडली की पेशीच्या आतील सामू घसरतो, विकरांची व इतर प्रथिनांची घडी मोडते, डीएनएला इजा होते आणि पेशी मरते. घडी मोडलेली प्रथिने पेप्सिनला सहज तोडता येतात. बहुतेक जिवाणूंच्या बाबतीत मारण्याचे मुख्य काम आम्लच करते. पेप्सिन ते काम पुढे नेते, मृत पेशींचे अन्नात रूपांतर करण्यास हातभार लावते आणि प्रथिनरूपी अनेक विषेही निष्प्रभ करते.

पेप्सिनचे आणखी एक कार्य लक्षणीय आहे. दुधात लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन असते. पेप्सिनने त्याचे तुकडे केले असता लॅक्टोफेरिसिन हा लहान पेप्टाइड सुटा होतो आणि त्याचे जिवाणूनाशक सामर्थ्य मूळ प्रथिनापेक्षा अधिक असते, असे १९९० च्या दशकाच्या आरंभी जपानी संशोधकांना आढळले. पचन आणि संरक्षण या क्रिया किती एकमेकींत गुंतलेल्या आहेत, याचे हे उत्तम उदाहरण होय.

लाळेचाही या कामात वाटा आहे. पालेभाज्यांतून मिळणारे नायट्रेट लाळेत उतरते, तोंडातील निरुपद्रवी जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि ते गिळल्यावर आम्लाच्या सान्निध्यात नायट्रिक ऑक्साइडादी संयुगे तयार होतात. आम्लाबरोबर नायट्राइट असल्यास सूक्ष्मजीवांचा नाश केवळ आम्लापेक्षा अधिक परिणामकारक होतो, हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून पुढे आले.

माणसाच्या जठरातील प्रत्यक्ष स्थितीविषयी १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला जियानेला व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आजही महत्त्वाचा मानला जातो. सेरॅशिया मार्सेसेन्स या जिवाणूंची मोठी संख्या जठरात सोडली असता, आम्ल नेहमीसारखे स्रवणाऱ्या जठरात ते अर्ध्या तासात जवळजवळ नाहीसे झाले. ज्यांच्या जठरात आम्लच तयार होत नव्हते, अशा व्यक्तींमध्ये तासाभरानंतरही त्यांची संख्या घटली नाही.

४. पटकीच्या अभ्यासातून मिळालेला पुरावा

जठराम्लाच्या संरक्षक कार्याचा सर्वांत बोलका पुरावा पटकीच्या इतिहासात सापडतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यातील रुग्णांचा अभ्यास करून पटकीचा जिवाणू हेच रोगाचे कारण असल्याचे प्रतिपादन केले. परंतु तोंडावाटे दिलेल्या जिवाणूंनी प्रयोगातील प्राण्यांना पटकी होत नसे. गिनीपिगच्या जठरातील आम्ल सोड्याच्या द्रावणाने निष्प्रभ करून व अफूच्या अर्काने आतड्याची हालचाल मंदावून नंतर जिवाणू दिले, तेव्हाच त्यांना यश आले. कॉख यांचे विरोधक माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८९२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, म्यूनिक येथे पटकीच्या जिवाणूंचे द्रावण स्वतः प्राशन केले. जठराम्लाने जिवाणू मेले असा आक्षेप कोणी घेऊ नये म्हणून त्यांनी सोबत खाण्याचा सोडा घेतला होता. त्यांना सौम्य अतिसारापलीकडे काही झाले नाही. वापरलेले जिवाणू दुर्बल झालेले असावेत, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. त्यांचा निष्कर्ष चुकीचा ठरला, पण आम्लाचे सामर्थ्य त्यांनाही मान्य होते, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्याचे शंभूनाथ डे यांनी हाच अडसर वेगळ्या मार्गाने टाळला. त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जिवाणू थेट टोचले. जठराचा संबंधच उरला नाही आणि बांधलेल्या आतड्यात पाणी साचलेले स्पष्ट दिसले. या पद्धतीच्या आधारे १९५९ मध्ये त्यांनी पटकीचे विष जिवाणूविरहित द्रवातही असते, हे सिद्ध केले.

या सर्वांना संख्येची जोड १९७० च्या दशकात मिळाली. अमेरिकेतील मेरिलँड येथे निरोगी स्वयंसेवकांवर देखरेखीखाली झालेल्या अभ्यासांत, जठराम्ल अबाधित असताना पटकी होण्यासाठी १० कोटींपासून १० हजार कोटींपर्यंत जिवाणू द्यावे लागले. सोडियम बायकार्बोनेटने आम्ल निष्प्रभ केल्यावर १० लाख जिवाणू बहुतेकांना आजारी पाडण्यास पुरेसे ठरले. जिवाणू तेच, माणसेही तशीच निरोगी; बदल झाला तो केवळ आम्लाचा. संसर्गमात्रा ही केवळ रोगजंतूच्या अंगची बाब नसून ती यजमानाच्या जठरावरही अवलंबून असते, हा या प्रयोगांचा खरा धडा होय.

लस तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांनाही या पहारेकऱ्याची दखल घ्यावी लागली. पटकीवरील 'डुकोरल' ही तोंडावाटे द्यावयाची लस बायकार्बोनेटच्या द्रावणात मिसळून घेतात, कारण तिच्यातील विषाचा निरुपद्रवी घटक आम्लात टिकत नाही. विषमज्वरावरील तोंडावाटे घ्यावयाच्या लसीतील जिवंत, क्षीण केलेले जिवाणू जठरात न विरघळणाऱ्या कॅप्सूलमध्ये भरलेले असतात. हितकर असो वा घातक, जिवाणूला आतड्यात पोहोचवायचे तर आधी आम्लापासून वाचवावे लागते.

५. पहारा चुकविणारे जिवाणू

अर्थात ही फळी अभेद्य नाही. आमांशाला कारणीभूत होणारे शिगेला जिवाणू आम्लात तग धरतात. त्यांचे अवघे १० ते १०० जिवाणूही आजार निर्माण करू शकतात. पटकीच्या कोट्यवधींच्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवला म्हणजे आम्लरोधकतेचे महत्त्व कळते. ई. कोलायचे काही प्रकार ग्लुटामेट या अमिनो आम्लाचे विघटन करताना आत शिरलेले हायड्रोजन आयन खर्ची घालतात व आपला अंतर्गत सामू सावरतात.

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूने तर जठरातच वस्ती केली आहे. युरिएज या विकराच्या साहाय्याने तो युरियापासून अमोनिया तयार करतो, स्वतःभोवतीचे आम्ल शमवितो आणि अस्तरावरील श्लेष्म्याच्या थरात शिरतो. अस्तराचे आम्लापासून रक्षण करणारा हा थरच त्याचा आसरा बनतो. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी पर्थ येथे १९८२ मध्ये या जिवाणूचे संवर्धन साध्य केले आणि जठरव्रणाशी त्याचा संबंध दाखविला. २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

काही वेळा जिवाणूंचा नव्हे, तर त्यांच्या विषाचा प्रश्न असतो. स्टॅफिलोकॉकस जिवाणूंचे अन्नात आधीच तयार झालेले विष पेप्सिनला दाद देत नाही व उकळल्यानेही सहजी नष्ट होत नाही. उघड्यावर राहिलेल्या खव्याच्या मिठाईतून होणारी विषबाधा पुष्कळदा या जातीची असते. अन्नाचे स्वरूपही निर्णायक ठरते. मांसाचा खिमा किंवा उकडलेले अंडे यांसारख्या प्रथिनयुक्त पदार्थांच्या आश्रयाने जिवाणू तीव्र आम्लातही वाचतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. उपाशीपोटी प्यालेले पाणी जठरातून लवकर पुढे सरकते, त्यामुळे त्यातील जिवाणूंचा आम्लाशी संपर्क अल्पकाळच येतो. तात्पर्य, जठराम्ल हे स्वच्छतेला पर्याय नाही.

६. पहारा दुबळा होतो तेव्हा

आयुष्याच्या दोन्ही टोकांना ही फळी कमकुवत असते. नवजात बालकाच्या जठराची आम्ल निर्माण करण्याची क्षमता मर्यादित असते व वारंवार घेतलेले दूध आहे ते आम्लही सौम्य करते. ही उणीव मातेच्या दुधातील प्रतिपिंडे, लायसोझाइम व लॅक्टोफेरिन भरून काढतात. स्तनपानाऐवजी अस्वच्छ बाटलीने दूध पाजणे का घातक ठरते, याचे एक कारण येथे मिळते. उतारवयात अस्तर झिजल्यामुळे व हेलिकोबॅक्टरच्या जुनाट संसर्गामुळे काहींमध्ये आम्लाचे प्रमाण घटते.

तिसरे कारण औषधांचे. १९७६ मध्ये सिमेटिडिन आणि १९८८ मध्ये ओमेप्राझोल हे औषध बाजारात आले. ओमेप्राझोल व त्याच्या कुळातील पँटोप्राझोलसारखी औषधे प्रोटॉन पंपच बंद पाडतात. जठरव्रण, जठरातील रक्तस्राव व अन्ननलिकेचा दाह यांच्या उपचारात या औषधांनी क्रांती केली, हे निर्विवाद आहे. मात्र जठराचा सामू २ वरून ४ वर गेला तर आम्लता शंभरपटीने घटते आणि पेप्सिनही मंदावते, हे वर पाहिलेच आहे.

याचा प्रत्यक्ष परिणाम किती? आम्लशामक औषधे घेणाऱ्यांत साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर यांचे संसर्ग अधिक आढळतात, असे अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांतून दिसले होते. परंतु अशी औषधे घेणारे लोक मुळातच अधिक आजारी असतात, हा त्यावरचा रास्त आक्षेप होता. त्याचे उत्तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने दिले. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराच्या १७,५९८ रुग्णांपैकी काहींना पँटोप्राझोल व काहींना औषधविरहित गोळी सुमारे तीन वर्षे देण्यात आली. न्यूमोनिया, अस्थिभंग, मूत्रपिंडाचा जुनाट विकार, स्मृतिभ्रंश इत्यादी ज्या दुष्परिणामांची भीती व्यक्त केली जात होती, त्यांत फरक आढळला नाही. फरक आढळला तो आतड्यांच्या संसर्गात : औषध घेणाऱ्यांत १.४ टक्के, तर न घेणाऱ्यांत १.० टक्के. म्हणजे हजार व्यक्तींमागे तीन वर्षांत सुमारे चार अधिक.

हा आकडा भयभीत होण्याजोगा नाही आणि दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. अन्न-पाण्यातून येणाऱ्या जिवाणूंची संख्या जेथे अधिक, तेथे जठराच्या पहाऱ्यावरचा भारही अधिक असणार, असा तर्क करणे सयुक्तिक ठरेल. २०२५ च्या जानेवारीत पुणे व परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि दूषित पाण्याकडे लक्ष वेधले गेले. त्या रुग्णांचा आम्लशामक औषधांशी संबंध होता, असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. अन्न-पाण्यातून येणारा जिवाणू अतिसारापुरता मर्यादित राहीलच असे नाही, एवढेच या घटनेवरून लक्षात घ्यावयाचे आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, जठराम्ल व पेप्सिन ही परस्परावलंबी जोडी असून पचनाइतकेच संरक्षण हेही तिचे कार्य आहे. दुसरी, हे संरक्षण 'आहे' किंवा 'नाही' अशा स्वरूपाचे नसून संख्येचे आहे. आम्ल जितके सबळ तितकी संसर्गासाठी लागणारी जिवाणूंची संख्या मोठी. तिसरी, आम्ल शमविणे हा वैद्यकीय निर्णय आहे, सवय नव्हे.

ज्यांना वैद्यांनी व्रण, रक्तस्राव अथवा वेदनाशामक औषधांपासून रक्षण यांसाठी ही औषधे दिली आहेत, त्यांनी ती परस्पर बंद करू नयेत. दीर्घकाळ घेतलेले औषध एकाएकी थांबविल्यास काही काळ आम्ल पूर्वीपेक्षा अधिक स्रवते आणि 'गोळीवाचून चालत नाही' असा ग्रह होतो. म्हणून ते सोडणेही सल्ल्यानेच व्हावे. मात्र आठ-आठ वर्षे कोणालाही न विचारता रोज सकाळी गोळी घेणाऱ्याने, ती आपण कशासाठी घेत आहोत, हा प्रश्न एकदा तरी वैद्यांना विचारला पाहिजे. पावसाळ्यात, शैक्षणिक सहलीत व बाहेरचे पाणी पिताना अशा व्यक्तींनी इतरांहून अधिक दक्षता बाळगणे इष्ट होय.

अध्यापक म्हणूनही आपल्याला यातून काही घेता येईल. पाठ्यपुस्तकांत जठर पचनसंस्थेच्या प्रकरणात येते आणि जिवाणू रोगांच्या प्रकरणात. आम्ल जंतुनाशक आहे हे बहुधा एका वाक्यात उरकले जाते. पटकीच्या प्रयोगातील १० हजार कोटी व १० लाख हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, तर ही दोन प्रकरणे विद्यार्थ्याच्या मनात जोडली जातील. आपल्या परंपरेने जठराग्नीची कल्पना केली ती अन्न पचविणाऱ्या अग्नीच्या रूपात. त्या अग्नीचा दाह कोणालाही नकोसा वाटणारच. परंतु तो विझविण्यापूर्वी तो कशाची राखण करीत आहे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.